वर्ष वाईट गेलं, तर देवाचे उपकार मोजायचे कसे?

ख्रिस्तात सप्रेम नमस्कार.

तुमच्या मोठ्या पत्राचा गाभा असा. जुलैमध्ये वडील गेले, सप्टेंबरमध्ये नोकरी गेली. वर्षाखेरीच्या उपासनेत साक्ष द्यायची, म्हणजे देवाने वर्षभरात काय केलं ते सर्वांपुढे सांगायची, पाळी यंदा तुमच्या घराची आहे. आई म्हणते, "देवाने काय काय दिलंय ते आधी मोजून बघ." तुम्ही वही घेऊन बसलात, 'आरोग्य, घर, मुलं' एवढं लिहिलंत, आणि तेही उसनं वाटलं म्हणून खोडलंत. तुमचे प्रश्न दोन: कृतज्ञता वाटत नाही, हे पाप आहे का? आणि वाटत नसताना आभार मानले, तर ते ढोंग ठरेल का?

दोन्हींचं उत्तर 'नाही' असं आहे. मंडळीच्या सेवेत इतकी वर्षं घालवल्यावर एवढं ठामपणे सांगू शकतो की डिसेंबरात सर्वांत अवघडलेली माणसं तुमच्यासारखीच असतात. श्रद्धा सुटलेली नसते, पण गाणं गळ्यातून निघत नाही.

पवित्र शास्त्र कृतघ्नतेला पाप म्हणतं, यात शंका नाही. रोमकरांस पत्राच्या पहिल्याच अध्यायात पौल मानवजातीवर जो आरोप ठेवतो, त्यात हेही आहे की देवाला ओळखूनही त्यांनी त्याचे आभार मानले नाहीत. पण ही कृतघ्नता कुठे वाढते ते जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात पाहा. मोशे लोकांना सावध करतो तो रानातल्या दिवसांसाठी नव्हे. तो म्हणतो, पोटभर जेवाल, चांगली घरं बांधाल, गुरंढोरं आणि सोनंरुपं वाढेल, तेव्हा जपा. कारण तेव्हाच मन म्हणेल की हे सगळं माझ्या हाताच्या बळाने मिळवलं. म्हणजे धोका भरल्या घराला जास्त. शोकाने बधिर झालेला माणूस त्या आरोपाखाली येत नाही. तुम्ही देवाचं श्रेय स्वतःकडे घेतलेलं नाही; तुम्हाला फक्त काही दिसत नाहीये.

ढोंगाबद्दल. परमेश्वराचे आभार मानणं ही आधी कृती आहे. भावना तिच्या मागून येते, कधी लगेच, कधी पुष्कळ उशिरा, आणि एखाद्या वर्षी येतही नाही. १०३ व्या स्तोत्राची सुरुवात बघा: "हे माझ्या जिवा, परमेश्वराचा धन्यवाद कर." ज्याचं मन आधीच ओसंडून वाहतंय त्याला स्वतःला असं बजावावं लागत नाही. दावीद आपल्याच जिवाला उठवतोय, आणि लगेच पुढे म्हणतो की त्याचे सर्व उपकार विसरू नकोस. विसर पडतो, हे त्याने गृहीतच धरलंय. ढोंग वेगळं: लोकांनी बघावं म्हणून बोलणं. तुम्ही खोटं वाटलं म्हणून वहीतला शब्द खोडलात. ढोंगी माणूस खोडत नाही.

आता कामाचं. तुमची वही कोरी राहते याचं माझ्या मते मुख्य कारण असं की तुम्ही चुकीच्या पानापासून सुरुवात केलीत. ज्याच्या घरी मृत्यू झालाय त्याने उपकारांच्या यादीने सुरुवात करू नये. आधी तक्रार लिहावी, देवाला उद्देशून, तोंडावर. हे मी मनाचं सांगत नाही. स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रं इतर कुठल्याही प्रकारापेक्षा जास्त आहेत. तेरावं स्तोत्र सहा ओवींचं. "हे परमेश्वरा, कोठवर?" असा त्याचा आरंभ, पहिल्या दोन ओव्यांत हा प्रश्न चार वेळा येतो, आणि शेवटच्या ओवीत तोच माणूस म्हणतो की मी परमेश्वराला गाईन, कारण त्याने माझ्यावर उपकार केले आहेत. मधल्या काळात परिस्थिती बदलल्याचा तिथे एक शब्द नाही. ८८ व्या स्तोत्रात तर तेवढाही उजेड नाही. ते अंधारावरच संपतं. तरीही ते प्रार्थनेच्या पुस्तकात आहे, कोणी काढून टाकलं नाही. विलापगीताच्या तिसऱ्या अध्यायात "आम्ही भस्म झालो नाही ही परमेश्वराची दया होय" हे वचन आहे. भिंतीवर लावलेलं ते आपण नेहमी पाहतो. पण ते बाविसावं वचन आहे. त्याच्या आधी तब्बल वीस वचनं कडूपणाची आहेत, देवाने मला अंधारात चालवलं, माझी प्रार्थना अडवली, मला धनुष्याचं लक्ष्य केलं, असं स्पष्ट म्हणणारी. आपण चौकटीत लावताना तेवढी सोडून देतो.

तेव्हा वहीच्या डाव्या पानावर वर्षाची तक्रार लिहा. वडिलांचं, नोकरीचं, ज्या मित्राने फोन उचलला नाही त्याचं, रुग्णालयात जे घडलं त्याचं. सभ्य भाषा वापरायची गरज नाही. एका बैठकीत होणार नाही, दोन-तीन दिवस द्या. ते पान भरेपर्यंत उजवं पान उघडू नका.

इथे कोणीतरी इफिसकरांस पत्र पुढे करेल: "सर्व गोष्टींबद्दल उपकारस्तुती करा, असं पाचव्या अध्यायात लिहिलंय, मग वडिलांच्या मृत्यूबद्दलही आभार मानायचे." या वचनाचा असा काठीसारखा वापर मला सहन होत नाही. योहानाच्या अकराव्या अध्यायात प्रभू लाजराच्या कबरेशी उभा आहे. तो रडला. काही क्षणांनी त्याने वर पाहून पित्याचे आभार मानले. कशाबद्दल? मित्र मेला याबद्दल नव्हे, तर "तू माझे ऐकलेस" म्हणून. मृत्यूला पौल शेवटचा शत्रू म्हणतो. शत्रूबद्दल आभार मानायला देव सांगत नाही. त्या मृत्यूच्या दारातही जो सोडून गेला नाही, त्याचे आभार मानायला सांगतो. थेस्सलनीकाकरांस पत्रातलं "सर्व स्थितीत उपकारस्तुती करा" मी असंच वाचतो आणि इफिसकरांस पत्रातलं वचनही त्याच्याच उजेडात.

मग उजवं पान. आठवणीतून भरू नका. डिसेंबरात बसलेल्या माणसाची आठवण फार पक्षपाती असते. दुखरं आणि अलीकडचं तेवढंच वर येतं. पुराव्यावर जा. फोनमधले फोटो जानेवारीपासून एकेक महिना पाहा. संदेश चाळा, विशेषतः जुलैमधले. बँकेचं स्टेटमेंट काढा. नोकरी गेल्यानंतरच्या महिन्यांत घर कशावर चाललं ते त्यात दिसेल. मुलांच्या शाळेच्या वह्या, औषधांच्या चिठ्ठ्या, प्रवासाची तिकिटं. 'आरोग्य, घर, मुलं' हे शब्द तुम्हाला खोटे वाटले कारण ते कोणाच्याही वहीत बसतात. देवाचे उपकार तारीखवार, नावानिशी लिहावे लागतात. 'कुटुंब' लिहू नका. अमुक रात्री अमुक भाऊ वडिलांच्या उशाशी बसला म्हणून मला चार तास झोप मिळाली, असं लिहा.

पलिष्ट्यांवरच्या विजयानंतर शमुवेल संदेष्ट्याने दगड उभारला तोही नेमक्या जागी, मिस्पा आणि शेन यांच्यामध्ये, आणि एबन-एजर (साहाय्याचा दगड) नाव देऊन म्हणाला, "येथवर परमेश्वराने आम्हांला साहाय्य केले आहे." 'येथवर' एवढंच. पलिष्ट्यांशी पुढे पुन्हा लढाया झाल्याच. पुढचं वर्ष चांगलं जाईल असा दावा त्या दगडावर नव्हता.

दोन ठिकाणी मुद्दाम शोधा. एक म्हणजे तुमच्याच जुन्या प्रार्थना. जानेवारीत तुम्ही देवाकडे काय मागितलं होतं? प्रार्थनेची वही असेल तर उघडा, नसेल तर पत्नीला विचारा. मिळालेल्या गोष्टी मिळाल्या क्षणी मागणीच्या यादीतून गळून पडतात आणि त्यांची जागा नव्या मागण्या घेतात. लूकच्या सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोगी बरे झाले, परत आला एक, आणि तोही शोमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या लेखी परका. बाकीचे नऊ वाईट माणसं होती असं तिथे म्हटलेलं नाही. प्रभूने सांगितलं तेच ते करत होते, याजकाला दाखवायला निघाले होते. आज्ञा पाळण्याच्या घाईत माणूस मागे वळायचा राहतो. मंडळीत धावपळ करणाऱ्या आम्हा लोकांना हे जास्त लागू आहे, तो भाग वेगळा.

दुसरं ठिकाण म्हणजे जे सहज घडलंच नसतं ते. 'माझ्याकडे पत्नी आहे' यापेक्षा 'आमची भेट झालीच नसती तर' हा विचार मन जास्त हलवतो. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मानसशास्त्रीय अभ्यासात हेच दिसलं: चांगल्या घटनेचं नुसतं वर्णन लिहिणाऱ्यांपेक्षा, ती घटना कशी हुकली असती हे लिहिणाऱ्यांना अधिक बरं वाटलं. १२४ वं स्तोत्र हे फार आधी करून बसलंय: परमेश्वर आमच्या पक्षाचा नसता, तर पाण्याने आम्हाला बुडवलं असतं.

अभ्यासांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. रॉबर्ट इमन्स आणि मायकेल मॅकलॉ या मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये काही गटांना दर आठवड्याला पाचपर्यंत गोष्टी लिहायला लावल्या, एका गटाला आभाराच्या, दुसऱ्याला कटकटीच्या, तिसऱ्याला नुसत्या घडामोडी. आभार लिहिणारे आपल्या आयुष्याबद्दल जास्त समाधानी आणि येत्या आठवड्याबद्दल जास्त आशावादी आढळले. सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या कामात पुढे असं दिसलं की आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना तसा झाला नाही. रोज सक्तीने लिहिलं की तेही काम होऊन बसतं. हे सगळं उपयोगी आहे, मी वापरतो. पण ख्रिस्ती माणसासाठी त्यात एक जागा रिकामी आहे: आभार कोणाचे? मन बरं व्हावं म्हणून आभार मानणं म्हणजे टपालात न टाकायचं पत्र लिहिण्यासारखं आहे. लिहिणाऱ्याचं मन हलकं होईलही, पण पत्र कोणाला पोचत नाही. म्हणून तुमच्या वहीतलं प्रत्येक वाक्य 'तू' ने लिहा. 'भावाने मदत केली' असं न लिहिता 'तू माझ्या भावाला त्या रात्री पाठवलंस' असं. यादीची प्रार्थना होते ती एवढ्या बदलाने.

जेझुइट संघाचे संस्थापक इग्नाशियस लोयोला यांच्या आध्यात्मिक साधनेत दिवसअखेरच्या परीक्षणाच्या पाच पायऱ्या आहेत. त्यांत पहिली पायरी पापांची नाही. मिळालेल्या उपकारांबद्दल देवाचे आभार मानायची आहे. पापांची उजळणी त्यानंतर. प्रॉटेस्टंट मंडळींत आपण बहुधा उलट करतो आणि वर्षअखेरीला आधी स्वतःला फटके मारतो. त्यांच्याकडून हा क्रम घ्यायला काही हरकत नाही. फक्त तुमच्यासारख्याने, वर म्हटलं तसं, त्याच्याही आधी विलाप ठेवावा.

आता ज्या सापळ्याची मला खरी भीती वाटते तो. 'माझ्यापेक्षा वाईट स्थितीतले किती आहेत, ते बघून आभार मान.' हा सल्ला तुम्हाला मिळाला असेलच. वडील गेलेल्या घरी तो हमखास मिळतो. लूकच्या अठराव्या अध्यायातल्या परूश्याची, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुद्याची, प्रार्थना वाचा. ती उपकारस्तुतीची प्रार्थना आहे! "हे देवा, मी तुझे आभार मानतो" अशीच ती सुरू होते, आणि मग इतर माणसांसारखा, या जकातदारासारखा मी नाही, असं पुढे जाते. नीतिमान ठरून घरी गेला तो जकातदार, ज्याने आभाराचा शब्दही काढला नव्हता. दुसऱ्याच्या दुःखावर उभी केलेली कृतज्ञता अशीच कुजते. आणि तो दुसरा माणूस बऱ्याचदा त्याच बाकावर, दोन जागा सोडून बसलेला असतो.

याच कारणासाठी वर्षाखेरीच्या साक्षींबद्दल मी जरा कठोर आहे. एकामागून एक उठून नवं घर, नवी गाडी, मुलाचा परदेशातला प्रवेश असं सांगत गेलं, की ज्याचं मूल गेलंय त्याने काय ऐकायचं? त्याला ऐकू येतं ते असं: देव यांच्यावर प्रसन्न आहे, माझ्यावर नाही. दुःख म्हणजे पापाची शिक्षा, हे ईयोबाच्या मित्रांचं तत्त्वज्ञान गोड आवाजात. देवाने दिलेल्या घराबद्दल आभार जरूर माना. पण घर हे देवाच्या मर्जीचं प्रमाणपत्र नाही, आणि उपासना चालवणाऱ्याने साक्षींच्या आधी ८८ वं किंवा तेरावं स्तोत्र मोठ्याने वाचलं तर सभेचा सूर बदलतो. मी हे सांगून पाहिलंय. सगळीकडे आवडत नाही.

खरं तर या रात्रीचा इतिहास मौजेच्या यादीचा नाहीच. अठराव्या शतकात मोराव्हियन बंधू या प्रॉटेस्टंट पंथामध्ये आणि मग जॉन वेस्लींच्या मेथडिस्टांमध्ये जागरणाची उपासना रुजली ती आत्मपरीक्षणासाठी. १७५५ मध्ये वेस्लींनी देवाशी केलेला करार नव्याने करण्याची उपासना सुरू केली. तिच्यातला माणूस देवाला म्हणतो की मला कामाला लाव किंवा दुःख सोसायला लाव. रोमन कॅथलिक मंडळीत ३१ डिसेंबरला 'ते देउम' हे प्राचीन स्तुतिगीत आभारासाठी गातात. ३१ डिसेंबर १८६२ च्या रात्री अमेरिकेतले कृष्णवर्णीय ख्रिस्ती लोक प्रार्थनागृहांत वाट पाहत बसले होते, कारण दुसऱ्या दिवशी लिंकनची मुक्तीची घोषणा अमलात येणार होती. ती घोषणासुद्धा बंडखोर राज्यांपुरती होती. गुलामगिरी देशभर कायद्याने संपायला डिसेंबर १८६५ उजाडला. त्यांनी अर्धवट मुक्तीबद्दल आभार मानले आणि उरलेल्या अर्ध्याची मागणी सोडली नाही.

आणि डीट्रिश बोनहोफर, हिटलरला विरोध करणारे जर्मन पाळक. १९४३ च्या एप्रिलपासून कैदेत. १९ डिसेंबर १९४४ ला बर्लिनच्या गेस्टापोच्या तुरुंगातून त्यांनी वाग्दत्त वधूला पत्र पाठवलं, सोबत नव्या वर्षासाठी लिहिलेली कविता. ती कविता मान्य करते की जुनं वर्ष अजून छळतंय आणि वाईट दिवसांचं ओझं अजून उतरलेलं नाही. ती असंही म्हणते की दुःखाचा काठोकाठ भरलेला प्याला तुझ्या हातून आला तर आम्ही तो आभार मानून घेऊ. आणि लगेच पुढच्या कडव्यात, पुन्हा एकदा या जगाचा आनंद द्यायची तुझी इच्छा असेल तर आम्हाला तोही हवा आहे. दोन्ही एका श्वासात. नऊ एप्रिल १९४५ ला त्यांना फाशी दिलं गेलं. ही कविता उबदार म्हणून गायली जाते, हे मला थोडं खटकतं. तिच्यातला माणूस स्वतःची समजूत काढत नव्हता. त्याला मोकळं व्हायचं होतं आणि लग्न करायचं होतं.

वही भरली की ती माणसांपर्यंत न्या. फिलिप्पैकरांस पत्राचा शेवट पाहा: पौल कैदेत आहे, मंडळीने एपफ्रदीताच्या हाती मदत पाठवली आहे, आणि तो तिची पोच देतो, जुनी मदतसुद्धा आठवतो, थेस्सलनीकात असताना तुम्ही एकदा नव्हे तर दोनदा पाठवलंत म्हणून. इतकी नेमकी आठवण. तुमच्या उजव्या पानावर ज्यांची नावं येतील त्यांना वर्ष संपायच्या आत पत्र लिहा किंवा फोन करा. एका ओळीचा सगळ्यांना धाडलेला शुभेच्छा-संदेश याची जागा घेत नाही. अनुवादाच्या २६ व्या अध्यायात प्रथमफळांची टोपली देवापुढे ठेवल्यावर आज्ञा येते की लेवी (स्वतःची जमीन नसलेला सेवेकरी) आणि तुमच्यातला उपरी (परका) यांच्यासह आनंद करा. नोकरी नसताना पैसे देता येणार नाहीत. पण यंदा ज्याच्या घरी मृत्यू झालाय अशा आणखी एखाद्याकडे तुम्ही जाऊ शकता, आणि तिथे काय बोलू नये हे तुम्हाला आता इतरांपेक्षा चांगलं ठाऊक आहे.

मुलांना यात ओढताना जपा. जेवणाआधी प्रत्येकाने एक गोष्ट सांगायची, हा रिवाज चांगला, पण 'आज नको' म्हणायची मुभा असू द्या. मुलीला आजोबांबद्दल रडू आलं तर यादी तिथेच थांबवा.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. झोप, भूक, कामातलं लक्ष हे आठवडेच्या आठवडे गेलं असेल, किंवा जगणं नको असा विचार येत असेल, तर वही बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा, तेही लवकर. नैराश्य हे कृतघ्नतेचं फळ नाही. जगणं नको असा विचार आला तर त्या रात्री एकटे राहू नका, घरातल्या कोणाला तरी तोंडाने सांगा.

राहता राहिली ३१ तारखेची साक्ष. तुम्ही ती नाकारू शकता. पाळकांना आधी सांगून ठेवा, कारण द्यावं लागणार नाही. द्यायचीच असेल तर तेरावं स्तोत्र वाचा, उजव्या पानावरची एकच तारीख आणि एकच नाव सांगा, आणि बसा. दोन मिनिटं पुरेत. तात्पर्य काढू नका, लोक काढतील.

आईशी मात्र त्याच्या आधी बोला. ती तुम्हाला मोजायला सांगते, पण जुलैमध्ये तिचाही नवरा गेलाय. तिच्या मोजणीत यंदा काय काय आलं, हे तिला कोणी विचारलंय का? वही घेऊन तिच्याजवळ बसा आणि आधी तिचं डावं पान लिहून घ्या.